हिमेजीचा किल्ला कसा बघावा

ओसाका किंवा क्योटोला मुक्काम आहे आणि हातात एक मोकळा दिवस आहे, तर तो हिमेजीला द्या. किल्ला ओसाकातही आहे, पण तिथला आजचा मनोरा १९३१ साली काँक्रीटमध्ये उभारलेला. आत लिफ्ट आहे, संग्रहालय आहे. हिमेजीचा लाकडी मनोरा १६०९ साली पुरा झाला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या एकवीस वर्षं आधी, आणि तोच आज उभा आहे. या मनोऱ्याला जपानीत ‘तेन्शु’ म्हणतात. असे जुने, मूळचे तेन्शु सगळ्या जपानात बाराच उरलेत. त्यांतला हा सर्वांत मोठा.

मी दोनदा गेले. पहिल्या वेळी सकाळ क्योटोत रमतगमत घालवली आणि चार वाजून पाच मिनिटांनी तिकीटखिडकीशी पोचले. शेवटचा प्रवेश चारला. चूक सर्वस्वी माझीच, त्यामुळे बाहेरच्या मैदानातून फोटो काढून परत. दुसऱ्या वेळी आई बरोबर होती. तिचं वय अडुसष्ट, एक गुडघा कुरकुरणारा, शाकाहार पक्का. पुढचं सगळं त्या दुसऱ्या खेपेच्या शहाणपणातून लिहितेय.

आधी तारीख आणि तिकीट

किल्ला सकाळी नऊला उघडतो आणि पाचला बंद होतो. उन्हाळ्यात वेळ थोडी वाढवतात. २९ आणि ३० डिसेंबरला बंद. एप्रिलच्या सुरुवातीला साकुरा, म्हणजे चेरीचा मोहोर, फुलतो तेव्हा किल्ला सर्वांत देखणा दिसतो, आणि तेव्हाच तिथे पाय ठेवायला जागा नसते. जुलै-ऑगस्टमध्ये घामाने निथळाल. आत पंखेही नाहीत. माझं मत विचाराल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, आणि शनिवार-रविवार सोडून.

मार्च २०२६ पासून हिमेजीबाहेरच्या प्रौढांना २,५०० येन पडतात, आपल्या पैशांत चौदाशे-पंधराशे रुपये. त्याआधी १,००० होते, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून बजेट करू नका. अठराच्या आतल्या मुलांना प्रवेश फुकट. शेजारच्या कोकोएन बागेसह एकत्र तिकीट थोड्याच जास्त पैशांत मिळतं. तेच घ्या.

गाडी

शिन-ओसाकाहून शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अर्धा तास लागतो. ‘नोझोमी’ या त्यांतल्या सर्वांत जलद गाड्या, त्या सगळ्याच हिमेजीला थांबत नाहीत, एवढं बघून चढा. पण ओसाका स्टेशनजवळ राहत असाल तर शिन्कान्सेनची गरजच नाही. ‘शिनकाईसोकु’ नावाची जलद लोकल तासाभरात पोचवते, भाडं दीड हजार येनच्या आसपास, दर पंधरा मिनिटांनी एक. क्योटोहून तीच गाडी दीड तास घेते. तिकीट काढायची कटकट नको असेल तर इकोका हे आधी पैसे भरलेलं कार्ड टेकवायचं आणि आत जायचं. कोबे सोडल्यावर थोड्या वेळाने डाव्या हाताला समुद्र आणि आकाशी सामुद्रधुनीवरचा प्रचंड झुलता पूल दिसतो, तेव्हा जमलं तर डावीकडची खिडकी धरा.

साडेसातच्या आतबाहेर ओसाका सोडलंत तर पावणेनऊपर्यंत हिमेजी. त्याहून उशीर नको. दहानंतर शाळांच्या सहली आणि टूरबसेस येतात. तेन्शुच्या आतले जिने एकेरी आहेत. पुढचा माणूस थांबला की सगळी रांग थांबते.

स्टेशनवर उतरलात की आधी सामान लॉकरमध्ये टाका. पाठीवरची मोठी सॅक घेऊन त्या जिन्यांवर चढणं म्हणजे स्वतःला आणि मागच्याला छळणं. मग उत्तरेच्या दारातून बाहेर या. समोर ओतेमाए-दोरी नावाचा सरळसोट रस्ता आहे आणि त्याच्या टोकाला, एक किलोमीटरवर, पांढरा किल्ला. रस्ता चुकायची सोय नाही. बस आहे, पण चाला. पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि किल्ला हळूहळू मोठा होत जातो.

३ जुलै १९४५ च्या रात्री बॉम्बफेकीत हे शहर जळून गेलं. किल्ला मधोमध तसाच राहिला. एक आगीचा बॉम्ब तेन्शुच्या वरच्या मजल्यात पडला होता, तो फुटलाच नाही. रस्त्यावरच्या इमारती बघताना हे लक्षात असू द्या. इथे जुनं म्हणावं असं जे काही आहे, ते त्या टोकाला आहे.

किल्ला: वाट बघायची, मनोरा नंतर

बहुतेक लोक पुलावरून आत शिरतात, तडक तेन्शुकडे पळतात, सहा मजले चढतात, उतरतात आणि बाहेर येऊन म्हणतात, आत काहीच नाही. खरंच नाही. आतल्या खोल्या रिकाम्या आहेत. ना सिंहासन, ना गालिचे. हिमेजीचा किल्ला बघायचा तो दरवाजापासून तेन्शुपर्यंतच्या वाटेत. आपण रायगड-राजगड पायाखाली घातलेली माणसं. तटबंदी वाचायची सवय आपल्याला आहे, ती इथे उपयोगी पडते.

तिकीट काढून पुढे गेलात की हिशी दरवाजा येतो, किल्ल्यातला सर्वांत मोठा. वरच्या मजल्याच्या खिडक्यांना काळं लाखकाम आणि सोनेरी पत्रे. इथून तेन्शु डोळ्यांसमोर असतो. पक्षी उडाला तर दीडशे मीटरसुद्धा नाही. चालत मात्र दुपटीहून जास्त.

दरवाजातून आत जाताच डावीकडे वळा आणि आधी पश्चिमेचा भाग, निशी-नो-मारु, बघून घ्या. सगळे सरळ जातात, म्हणून तुम्ही डावीकडे जायचं. इथे टेकडीच्या कडेने लांबच लांब लाकडी ओसरी आहे, सुमारे २४० मीटर. एका बाजूला दासींच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला किल्ल्याबाहेर रोखलेल्या खिडक्या. टोकाला सेनहिमेचा सज्जा. ही तोकुगावा इएयासुची, म्हणजे तोकुगावा शोगुनांच्या राजवटीच्या संस्थापकाची, नात. पहिलं लग्न सात वर्षांची असताना शत्रुपक्षातल्या मुलाशी लावलेलं. ओसाका पडलं तेव्हा तिचा नवरा तिथेच संपला. मग होंडा घराण्यात दुसरं लग्न होऊन ती इथे आली. ओसरीत बूट काढावे लागतात. जपानात पायमोजे भोकाशिवायचे घालावेत, हा सल्ला मी कुणालाही फुकट देते.

परत फिरून मुख्य वाटेला लागा. दरवाजांची नावं इ, रो, हा, नि अशी आहेत, जपानी मुळाक्षरांच्या जुन्या क्रमाने. आपण क दरवाजा, ख दरवाजा म्हणावं तसं. ‘इ’ आणि ‘रो’मधून चढत जाताना भिंतीकडे बघा. गोल, त्रिकोणी, चौकोनी आणि उभट अशी भोकं ओळीने दिसतील. यांना तिकडे ‘सामा’ म्हणतात, आपल्याकडे जंग्या. उभट ती बाणांसाठी, बाकीची बंदुकांसाठी. भोक आतून रुंद आणि बाहेरून अरुंद आहे, अगदी आपल्यासारखं. एकाला डोळा लावून बघा. दहा मिनिटांपूर्वी आपण ज्या चढावर उभं राहून फोटो काढत होतो, नेमका तोच चढ नेमात सापडतो.

‘हा’ दरवाजा ओलांडला की वाट उलटी फिरते. तेन्शु, जो आतापर्यंत समोर होता, तो पाठीमागे जातो. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं आपण चुकलो. तेच तर हवं होतं. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कवेत लपवलाय, शेवटच्या वळणापर्यंत दिसू नये म्हणून. इथे दरवाजा लपवलेला नाही, शत्रूची दिशाच बिघडवलीय. पुढचा ‘नि’ दरवाजा बुटका आणि अंधारा. आत शिरताच वळायचं, आणि वळताना डोक्यावरच्या मजल्यातून भाला खाली येऊ शकतो. आई इथे थांबून म्हणाली, “घोड्यावरून आलेला आधी डोकंच आपटेल.” बरोबर आहे. त्याच्यासाठीच केलंय.

त्याच दरवाजाच्या छपराकडे मान वर करून बघा. तिथल्या एका कौलावर क्रूस आहे. कुरोदा कान्बेई नावाचा ख्रिस्ती झालेला सरदार या किल्ल्याशी जोडलेला होता, त्याची खूण म्हणून लोक तो दाखवतात. बाकी कौलांवर वेगवेगळ्या घराण्यांची चिन्हं आहेत. फुलपाखरू दिसलं तर ते इकेदा घराण्याचं. इकेदा तेरुमासा म्हणजे इएयासुचा जावई. १६०१ ते १६०९ या काळात आजचा किल्ला त्यानेच उभा केला. त्याआधी इथे हिदेयोशीचा, म्हणजे इएयासुच्या आधी जपानवर हुकमत गाजवणाऱ्या सेनानीचा, तीन मजली तेन्शु होता.

पुढे दगडी भिंतीत, जाळीमागे, एक जातं बसवलेलं दिसेल. गोष्ट अशी सांगतात की हिदेयोशीला तटासाठी दगड कमी पडत होते. भाजलेले मोची, म्हणजे तांदळाचे गोळे, विकून पोट भरणाऱ्या एका म्हातारीने आपलं जुनं जातं दिलं. ते बघून गावातल्या सगळ्यांनी दगड आणून टाकले. गोष्ट खरी असो-नसो, दगड कमी पडत होते हे खरं असावं, कारण तटात इतरत्र दगडी दिव्यांची बैठकं, पुरातन दगडी शवपेट्यांचे तुकडे, काय वाट्टेल ते चिणलंय. आई त्या जात्यापाशी बराच वेळ उभी होती. आमच्या गावच्या घरात तसंच जातं अजून आहे, पायरी म्हणून.

तेन्शु आता हातभर अंतरावर आलाय आणि वाट एकाएकी उताराला लागते. चढायच्या किल्ल्यात उतार! पुन्हा तोच डाव. शिवाय चिंचोळी वाट आणि एकामागोमाग एक छोटे दरवाजे. एका वेळी एकच माणूस जाऊ शकेल असे.

तेन्शुच्या आत

दारात बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे आणि ती पिशवी सगळीकडे हातात धरून फिरायची. हिवाळ्यात जमीन बर्फासारखी लागते, जाड मोजे घाला. बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आणि तळघर. जिने वाड्यातल्या माळ्याच्या जिन्यासारखे उभे, वर जाताना आणखी उभे होतात. साडी किंवा घोळदार कपडे नकोत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तिसऱ्या मजल्यापर्यंत जावं का, हा प्रश्नच नाही; वाट एकेरी असल्याने मध्येच परत फिरता येईल असं गृहीत धरू नका. आई तेन्शुच्या पायथ्याशी असलेल्या बिझेन-मारु या अंगणात बसून राहिली आणि तिला तो निर्णय मुळीच टोचला नाही.

दोन खांब मात्र चुकवू नका. पूर्वेचा आणि पश्चिमेचा, तळापासून वरपर्यंत गेलेले, जवळपास २५ मीटर. सगळा डोलारा या दोघांवर. १९५६ ते १९६४ या काळात किल्ला सुटा करून पुन्हा बांधला, तेव्हा पश्चिमेचा खांब कुजलेला निघाला. नव्यासाठी कोसांवरून हिनोकीचं, म्हणजे जपानी सायप्रसचं, झाड आणलं, ते वाटेतच मोडलं. शेवटी दुसऱ्या झाडाचा तुकडा जोडून खांब पुरा केला. सांधा तिसऱ्या मजल्याच्या आसपास शोधा. हात लावून बघायचा मोह होतो, माझा हात तर आपोआप गेला.

भिंतींवर बंदुका आणि भाले टांगायच्या खुंट्या आहेत, कोपऱ्यांत माणूस दबा धरून बसेल एवढे कोनाडे आहेत, तळघरात शौचकूपही आहेत. यातलं फारसं कधी वापरलं गेलं नाही. एवढा खटाटोप केलेल्या या किल्ल्यावर लढाई अशी झालीच नाही. सर्वांत वर एक लहानसं देऊळ आहे, ओसाकाबे देवीचं. खिडकीतून दक्षिणेला बघितलं की आपण चालून आलो तो रस्ता स्टेशनपर्यंत रेघेसारखा दिसतो.

उतरल्यावर बिझेन-मारुत बाहेर याल. तेन्शुचा जवळून फोटो इथूनच चांगला येतो. भिंतींना चुन्याचा गिलावा आहे आणि कौलांच्या सांध्यांवरही चुनाच, म्हणून छप्परसुद्धा खालून पांढरं दिसतं. बगळ्याचा किल्ला हे त्याचं लाडकं नाव त्यामुळेच. २०१५ साली डागडुजी संपून पडदे निघाले तेव्हा तो इतका पांढराफेक होता की लोकांनी ‘शिरो-सुगी-जो’ म्हणजे ‘फारच पांढरा किल्ला’ म्हणून थट्टा केली. मूळ नाव शिरासागी-जो, त्यावरची कोटी. आता कौलांचा करडा रंग परत आलाय.

बाहेर पडायच्या वाटेवर ओकिकुची विहीर आहे. दहा मौल्यवान ताटल्यांतली एक लपवून ओकिकु नावाच्या दासीवर आळ घेतला, मारून विहिरीत टाकलं. रात्री विहिरीतून एक ते नऊ मोजण्याचा आवाज येतो, अशी कथा. दिवसा तिथे जाळी आहे आणि डोकावणाऱ्यांची गर्दी.

एवढं सगळं आरामात बघायला तीन तास लागतात. दोनमध्ये उरकू नका.

कोकोएन

खंदकाला लागूनच नऊ बागांचा समूह आहे, जुन्या सरदारवाड्यांच्या जागेवर १९९२ साली केलेला. पाऊण तास पुरे. तळ्याकाठच्या चहागृहात माच्चा आणि एक गोड पदार्थ मिळतो. पाय दुखत असतात तेव्हा तो कडू चहा भलताच बरा लागतो.

पुणेकरांसाठी एक गंमत. किल्ला बांधणाऱ्या तेरुमासाचे वंशज पुढे इथून शिन्कान्सेनने वीसेक मिनिटांवर असलेल्या ओकायामाचे अधिपती झाले. त्याचा पणतू त्सुनामासा याने तिथे कोराकुएन ही बाग केली. तिच्या धर्तीवर सिंहगड रस्त्याला जी बाग झाली ती पु. ल. देशपांडे उद्यान. आणखी एक दिवस असेल तर तिकडेही जा.

जेवण

हिमेजीचं ओदेन प्रसिद्ध आहे. मुळा, अंडं, कोन्याकु वगैरे रश्शात शिजवतात आणि आल्याचा सोया सॉस घालून देतात. समुद्री वाम, म्हणजे आनागो, भातावर भाजून मिळते. मासे खाणाऱ्यांनी ती सोडू नये.

शाकाहारी मंडळींनी मात्र डोळे उघडे ठेवावेत. ओदेनचा रस्सा, नूडल्सचं पाणी, भाजीचा सॉस, सगळ्यांत ‘दाशी’ नावाचा अर्क असतो आणि तो बहुधा सुक्या माशाचा. “मांस नको” म्हटलं की मासा चालतो असाच समज होतो. आमचा तोडगा साधा होता. सकाळी घरून दशम्या आणि चटणी, दुपारी सान्नोमारुच्या मैदानात झाडाखाली. तटाच्या आत खायला परवानगी नाही, पण हे मैदान तिकिटाबाहेर आहे. कचऱ्याचे डबे शोधत बसू नका, नसतात. पिशवी बरोबर ठेवा. आणि मग बदाम टोस्ट. हे हिमेजीचंच. पावावर बदामाचं लोणी लावून खरपूस भाजतात, जुन्या कॉफीच्या दुकानांत मिळतं. स्टेशन ते किल्ला रस्त्याला समांतर मियुकी-दोरी ही छपराखालची बाजारपेठ आहे, तिथे फिरताना दिसेलच. आईने दोन खाल्ले.

दुपारी: डोंगरावरचं देऊळ

पाय अजून चालत असतील तर शोशा डोंगरावर एंग्योजीला जा. स्टेशनहून किंवा किल्ल्यासमोरून ८ नंबरची बस, अर्धा तास. मग रोपवे, चार मिनिटं. बस आणि रोपवेचं एकत्र तिकीट स्टेशनजवळच्या बसच्या कचेरीत मिळतं. वर प्रवेशाचे ५०० येन वेगळे, रोख ठेवा.

हे मठस्थान ९६६ साली शोकु शोनिन या भिक्षूने स्थापन केलं. वाटेच्या कडेला कान्नोनच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, मूर्ती ओळीने आहेत. पंधरा-वीस मिनिटं चढलं की मानिदेन हे देऊळ येतं, कड्याला टेकून खांबांवर उभं असलेलं. आणखी दहा मिनिटं आत गेलात तर तीन मोठे लाकडी सभामंडप एका अंगणाभोवती उभे दिसतात. बहुतेक लोक मानिदेनपाशीच मागे फिरतात, त्यामुळे इथे शांतता असते. आम्ही गेलो तेव्हा एक भिक्षू अंगणातली पानं झाडत होता आणि मागून वारा नवी पानं टाकत होता.

चढ नको असेल तर रोपवेपासून वर लहान बस आहे, तिचे जास्त पैसे द्यावे लागतात. ज्येष्ठांसाठी घ्याच. वर पोचताच परतीच्या शेवटच्या रोपवेची वेळ फलकावर बघून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. ती ऋतूप्रमाणे बदलते. चुकलात तर अंधारात डोंगर उतरावा लागेल.

दोन्ही जमणार नसेल तर एंग्योजी सोडा, किल्ल्याचे तीन तास कापू नका.

परत

संध्याकाळी स्टेशनच्या उत्तर दाराशी असलेल्या लाकडी सज्जावर उभे राहा. दिवे लागले की रस्त्याच्या टोकाला किल्ला उजळलेला दिसतो. मग लॉकरमधून सामान काढा आणि फलाटावर जा. तिथे ‘एकिसोबा’चा ठेला आहे. १९४९ साली, पिठाची टंचाई असताना, चिनी पद्धतीच्या शेवया जपानी रश्शात घालून विकायला सुरुवात झाली, तेव्हापासून तोच पदार्थ. उभ्याने, पाच मिनिटांत खायचा. रश्श्यात मासा आहे, त्यामुळे आई शेजारी उरलेली दशमी खात उभी राहिली. आमची एक गाडी त्यात गेली. पंधरा मिनिटांनी दुसरी आली.